तिन्हीसांजेची लादी

गिरजा विशे वैतागली की आधी बादली शोधते. भांडण, रडणं, अबोला हे सगळं तिच्याकडेही आहे, पण ते नंतर. आधी काहीतरी घासायला लागतं. सापगावातल्या तिच्या शेजारणी म्हणतात, गिरजाच्या घरात आरसा नसला तरी चालेल, नवऱ्याशी वाजलं की दुसऱ्या दिवशी मोरीत तोंड दिसतं.

तिला स्वच्छतेची आवड आहे असं कुणी म्हटलं तर ती आणखी वैतागते.

“आवड कसली? दुसरं कोणी करत नाय म्हणून करते.”

तिच्या घरची मोरी दर आठवड्याला तुंबते. मुलगा आदेश ठाण्याला कामाला जातो. पहाटे अंघोळ करताना साबणाचे तुकडे, केस आणि रात्रीच्या ताटातली शितं एकदम जाळीवर येऊन बसतात. आदेश घोटाभर पाण्यात उभा राहून आतूनच ओरडतो, “आये, मोरी तुंबली.” पाहुणे आल्याची वर्दी द्यावी तसं. मग तो टॉवेल गुंडाळून बाहेर येतो आणि गिरजा आत जाते. जाळी उचकटायची, पालथी घालायची, उलटीकडून पाणी मारायचं. वरून कितीही घासा, घाण आणखी आत जाते. उलटीकडून मारलं की जशी आली तशी बाहेर पडते. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. चाळण धुणारी कुठलीही बाई तसंच करते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या माळावर इंजिनिअरिंगचं कॉलेज निघालं. आजूबाजूच्या गावांतल्या पुरुषांना वॉचमनच्या जागा मिळाल्या, बायकांना झाडूच्या. गिरजाला प्रयोगशाळेत घेतलं. प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या नळ्या आणि रंगीत पाणी असेल, असं तिला वाटलं होतं. निघाली खडी, सिमेंट आणि माती. माती तर अशी की तिचे लाडच फार. ती चाळायची, भट्टीत वाळवायची, तोलायची, पिशवीत भरून वर चिठ्ठी लावायची.

“आमी जन्मभर माती घराबाहेर काढली,” ती नवऱ्याला, चंदरला सांगायची, “आणि हे लोक ती आत आणून भाजून ठेवतात.”

“पगार देतात ना?” चंदर म्हणायचा. त्याचं कुठल्याही गोष्टीवर एवढंच मत असतं.

प्रयोगशाळेची किल्ली गिरजाकडे आली आणि तिने घरचा एक नियम तिथेही नेला. तिन्हीसांजेला दिवा लागायच्या आत केर गेला पाहिजे आणि खरकटं, मळकं काही पडलेलं असता कामा नये. लक्ष्मी यायची वेळ असते. कॉलेजात लक्ष्मी कशाला येईल, असं वॉचमन हसून म्हणायचा. गिरजा म्हणायची, “फी भरायला पोरं येतात ती काय रिकामी येतात?” फळ्याच्या वर गणपतीची तसबीर होती. टेबलं पुसून, भांडी धुऊन, तसबिरीला उदबत्ती लावली की मगच ती कुलूप घालायची.

दोन हजार तीन साली सौंदाणकर मॅडम आल्या. मूळच्या नाशिककडच्या, राहायला कल्याणला. अंगाने बारीक, चालणं पळाल्यासारखं. घरी तान्हं मूल आणि त्याला संध्याकाळनंतर सांभाळायचं नाही अशी अट घातलेली सासू. त्यामुळे चार वाजले की मॅडमची नजर घड्याळाकडे जायची आणि आसनगावहून कल्याणची लोकल गाठायला त्या रिक्षा शोधत रस्त्यावर उभ्या राहायच्या. प्रयोगशाळेत संध्याकाळ कशी होते ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांचं संशोधन होतं पाणी पिणाऱ्या फरशीवर. वाळू न घालता नुसती खडी आणि सिमेंट कालवून केलेली जाड लादी. चुरमुऱ्याच्या लाडवात फटी असतात तशा तिच्यात फटी राहायच्या. वरून बादली ओतली की पाणी सरळ खाली. अंगणात, रस्त्याकडेला अशी फरशी घातली तर पावसाचं पाणी साचणार नाही, जमिनीत मुरेल. प्रश्न एवढाच होता की माती जाऊन फटी किती दिवसांत बुजतात. म्हणून मॅडम रोज सकाळी लादीवर एक लोखंडी कडं बसवायच्या, त्यात मोजून पाणी ओतायच्या आणि ते नाहीसं व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायच्या. मग त्याच लादीवर तोललेली माती पसरून पाणी मारायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडं, पुन्हा पाणी, पुन्हा माती.

पहिल्याच दिवशी त्यांनी गिरजाला बजावलं होतं. “मावशी, या तराजूला हात लावू नका. भट्टीचं बटण फिरवू नका. हे कडं हलवू नका.” गिरजाने यातल्या कशालाही हात लावला नाही. लादी धुवू नका, असं मॅडम म्हणाल्या नाहीत. मुद्दाम मळवलेली वस्तू कुणी धुवेल, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

गिरजाच्या मनात मात्र दुसरं काही आलं नाही. संध्याकाळ झाली, टेबलाखाली चिखलाने माखलेली लादी पडली आहे, गणपती वरून बघतो आहे. तिने ती उचलून मागच्या नळावर नेली, चाळणीसारखी पालथी घातली, उलटीकडून पाणी मारलं, काथ्याने घासली आणि पुन्हा जागेवर ठेवली. जड होती. कमरेत कळ आली. मॅडमच्या नावाने दोन शब्द पुटपुटून झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखल. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

“शिकलेली बाय,” ती घरी म्हणाली, “पण लहान पोरासारखी रोज चिखल कालवते आणि तशीच टाकून जाते. आई कोण हिची?”

“पगार देतात ना?” चंदर म्हणाला.

महिने गेले. लादी बुजेना. मॅडमनी माती वाढवली, शहापूरच्या बाजारातली धूळ आणली, शेतात पेरणीआधी जाळतात त्या राबाची राख आणली. सकाळी पाणी ओतलं की पहिल्या दिवशीसारखंच गडप. मॅडमना वाटलं, माती खालून निघून जाते आहे, लादीत अडकतच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

“मावशी, ही लादी तुंबतच नाही.”

“बरंय ना मग,” गिरजा म्हणाली.

धुतलेल्या चाळणीतून पाणी जातं, यात तिला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मॅडमना त्यात एवढं काय, ते तिला कळेना. पण घरी सासू तशी, मूल लहान. एखाद्या दगडाने बाईला आनंद होत असेल तर होऊ दे, असं म्हणून ती कपबशा विसळायला गेली.

कॉलेजने ठरवलं की ही फरशी एखाद्या गावात घालून दाखवायची. मॅडम जागा शोधू लागल्या आणि गिरजा पहिल्यांदा त्यांच्या कामात स्वतःहून बोलली.

“आमच्या रुपाच्या दारात घाला.”

रुपा तिची मुलगी. वैशाखरे गावाच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वाडीत दिलेली. तिथल्या अंगणवाडीची सेविका. रस्त्यावर दर दोन-तीन वर्षांनी नवा थर पडत रस्ता उंच झाला आणि अंगणवाडी होती तिथेच राहिली. घाटाचा पाऊस सुरू झाला की रस्त्याचं पाणी अंगणात आणि अंगणातलं उंबऱ्यावरून आत. पोरं बाकड्यावर पाय वर घेऊन बसायची, तांदळाच्या गोणी रुपा कमरेवर घेऊन कोरड्या कोपऱ्यात सरकवायची. दर पावसाळ्यात महिनाभर तरी अंगणवाडी बंद. वाडीतले लोक म्हणायचे, पगार चालू, शाळा बंद, रुपाची मजा आहे. रुपा ते ऐकून घ्यायची आणि आईकडे येऊन रडायची. गिरजाला त्या उंबऱ्याचं जेवढं लागलं होतं तेवढं स्वतःच्या गळक्या छपराचंही नव्हतं.

मे महिन्यात विद्यार्थी ट्रक घेऊन गेले. अंगण खणून खाली खडीचा थर आणि वर ती फरशी, एकसंध, दारापासून रस्त्यापर्यंत. सगळी वाडी जमली. गिरजाने स्वतः बादली ओतली. पाणी गेलं. अंगणवाडीची मदतनीस धोंडीबाई वाकून बघत राहिली.

“गो गिरजा, खाली कोण बसलाय प्यायला?”

“तुझा सासरा,” गिरजा म्हणाली, आणि सगळे हसले. रुपाचा नवरा हनुमान ओट्यावरून म्हणाला, “सासूबाई, हे टिकेल काय?”

“मी रोज बघते,” गिरजा म्हणाली. “वर्षभर चिखल ओतलाय तिच्यावर. तुंबत नाय म्हणजे नाय.”

असं ती चारचौघांत बोलली.

पहिला पावसाळा छान गेला. अंगणवाडी एक दिवसही बंद राहिली नाही. रुपा दिवाळीला आली ती आईसाठी साडी घेऊन आली. गिरजाने साडी ठेवून दिली आणि रुपाला म्हणाली, उगाच खर्च. पण शेजारणींना दाखवून आली.

पुढच्या वर्षभरात त्या अंगणावर नाचणी वाळली, पेंढा पडला, पोरांची शितं सांडली, राबाची राख उडून आली, गुरांचे पाय फिरले. रुपा रोज झाडायची. झाडून झाडून सगळं बारीक होऊन फटींत बसलं. दुसऱ्या पावसाळ्यात आषाढाच्या सरी आल्या आणि अंगणात पाणी उभं राहिलं ते थेट आत शिरलं. एका दुपारी तांदळाच्या गोणी भिजल्या.

गिरजा मॅडमना घेऊन गेली. दोघी फरशीवर पाण्यात उभ्या. रुपा दारात, पदर खोचलेला, हातात पाणी उपसायचं पातेलं. आईकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

धोंडीबाई छत्री धरून आली. “मॅडम, खालच्याचं पोट भरलं वाटतं.”

कुणी हसलं नाही.

“आये,” रुपा शेवटी म्हणाली, “लोक मला काय बोलतात ठाव हाय? तुझ्या आयशीच्या कॉलेजचं अंगण. आधी माती तरी होती, थोडं पाणी प्यायची. आता ती पण नाय.”

“अगो पण आमच्याकडं तुंबत नाय,” गिरजा म्हणाली. “विचार मॅडमना.”

“खरंच तुंबत नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की रुपाला त्यांचीही दया आली असावी. तिने पातेलं ठेवलं आणि चहा टाकला.

मॅडम कॉलेजात आल्या त्या वेड लागल्यासारख्या. वाडीतली राख आणली, शेण मिसळलेली माती आणली, नाचणीचा कोंडा आणला. लादीवर पसरला. सकाळी पाणी गडप. पुन्हा पसरला. पुन्हा गडप. एक दिवस त्यांनी सासूला फोन करून सांगितलं की आज उशीर होईल, काय बोलायचं ते आल्यावर बोला. आणि स्टूल घेऊन लादीसमोर बसून राहिल्या.

साडेपाच झाले. गिरजाने टेबलं पुसली, केर काढला. मॅडम उठायचं नाव घेईनात. उजेड उतरायला लागला. गिरजाने दोनदा खोकून पाहिलं. मग ती सरळ आली, वाकली, लादी उचलली आणि नळाकडे चालू लागली.

“मावशी, कुठे नेताय?”

“धुवायला.”

“का?”

“का म्हणजे? तिन्हीसांज झाली.”

मॅडम मागोमाग गेल्या. गिरजाने लादी पालथी घातली, नळ सोडला, काथ्या घेतला. वाडीची राख, कोंडा, शेण सगळं काळं होऊन वाहून गेलं.

“तुम्ही हे रोज करता?” मॅडमनी विचारलं.

“मग कोण करणार? तुमी तर चारला पळता.”

“पहिल्या दिवसापासून?”

“एक दिवस नाय चुकला,” गिरजा म्हणाली. तिच्या बोलण्यात थोडा तोराच होता. मग तिने मान वर करून बघितलं. मॅडम नळाच्या कट्ट्यावर बसल्या होत्या, ओल्यात, साडीचा विचार न करता.

“मावशी, ती बुजते का तेच तर बघायचं होतं.”

गिरजाने नळ बंद केला. सगळं एकदम कळलं नाही. आधी रुपाच्या हातातलं पातेलं आठवलं, आणि मग कळलं.

“मग सांगायचं ना,” ती म्हणाली.

“काय सांगायचं? मुद्दाम घाण केलेलं कुणी धुतं का?”

“घाण सगळी कोणीतरी केलेलीच असते, मॅडम. मुद्दाम केली का नकळत, ते धुणारीला कुठं कोण सांगतंय?” तिचा आवाज चढला. “दोन वर्सं रोज सकाळी लादी लख्ख. तुमाला कधी वाटलं नाय, ही आपोआप कशी लख्ख झाली? घरी भांडी आपोआप घासून होतात काय तुमची?”

“माझ्या घरी मीच घासते,” मॅडम म्हणाल्या.

“मग तर तुमाला कळायलाच पायजे होतं.”

मग गिरजा उठून उदबत्ती लावून आली, कारण काहीही झालं तरी ती वेळ टळत चालली होती.

मॅडमनी सगळं पहिल्यापासून मांडलं. दोन लाद्या, दोन्हींवर रोज सारखीच माती. एक गिरजाने रोज धुवायची, दुसरीला हात लावायचा नाही.

“एक धुवायची नि एक नाय? हा कसला न्याय?”

“चार महिने, मावशी. रुपासाठी.”

ते चार महिने गिरजाला जन्मठेपेसारखे गेले. तिन्हीसांजेला ती एक लादी धुवायची आणि दुसरीवर गोणपाट टाकायची, गणपतीला दिसू नये म्हणून. धुतलेली पाणी पीत राहिली. न धुतलेली पहिल्याच महिन्यात मंदावली आणि पुढे तिच्यावर ओतलेलं पाणी परातीत राहावं तसं राहू लागलं. प्रयोग संपल्यावर मॅडम म्हणाल्या, ती टाकून द्या. गिरजाने ती रिक्षात घालून घरी आणली आणि धुण्याचा दगड म्हणून मोरीच्या बाहेर टाकली. पाणी धरणारा दगड कपड्यांना बरा.

उन्हाळ्यात मॅडम पुन्हा वाडीत गेल्या, गिरजासकट. अंगणवाडीच्या ओट्यावर माणसं बसली. मॅडमनी लपवाछपवी केली नाही. आमची चाचणी चुकली होती, म्हणाल्या. ही फरशी धुतली तरच चालते. बसवलेली आहे, उलटी करता येणार नाही, तेव्हा तारेच्या ब्रशने फटी मोकळ्या करून तिरकं जोराचं पाणी मारून घाण बाहेर काढायची. पावसाच्या आधी एकदा आणि पावसात अधूनमधून. रोज नाही, पण नेमाने.

मग सुदाम नावाचा एक जण, ज्याची दोन पोरं आत जेवायची, म्हणाला, “मग ठेवा की एक बाई धुवायला.”

सगळ्यांच्या नजरा रुपाकडे गेल्या. रुपाने आईकडे पाहिलं.

“माज्याकडं बघू नका,” गिरजा म्हणाली. “बाईच का? पोरं काय बायांनी एकट्यानं आणलीत?”

धोंडीबाई तोंडावर पदर घेऊन हसली.

“जे पोर आत जेवतंय त्याच्या बापानं धुवायचं. आळीपाळीनं. पयला नंबर सुदामचा, त्याला लय सुचतंय. दुसरा आमच्या जावयाचा.”

हनुमानने मान खाली घातली. सुदाम म्हणाला, “बघू की.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मॅडम समोर उभ्या होत्या म्हणून त्याच दिवशी पुरुषांनी ब्रश हातात घेतले, मोटरपंप लावला, एकमेकांवर पाणी उडवलं, फरशी मोकळी केली. गिरजाने बादली ओतून बघितली. पाणी गेलं. पण या वेळी ती चारचौघांत काही बोलली नाही.

आषाढ आला. घाटाकडचं आभाळ सापगावातूनही काळं दिसत होतं. गिरजा रोज संध्याकाळी आदेशच्या मोबाइलकडे बघायची. एका शनिवारी तो वाजला. आदेश मोरीत तोंड धूत होता, तिथूनच त्याने ओल्या हाताने फोन पुढे केला.

“रुपा गो? पाणी?”

“उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आये. घटकाभर थांबलं नि उतरलं. आत नाय आलं.”

गिरजाने भिंतीला पाठ टेकली.

“गोणी?”

“कोरड्या. पोरं पण आलीत सगळी.”

“मग धुतलं ना बापांनी?”

“जूनमध्ये एकदा सुदामदादा आला. मग भाताची लावणी लागली. ह्यांचं काल ठरलं होतं, पण कंबर धरली.”

“मग काल कोणी धुतलं?”

“मीच. नि धोंडीआजी.”

गिरजाने फोन बंद करून ओट्यावर ठेवला. पाणी आत शिरलं नव्हतं, गोणी कोरड्या होत्या, आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही होता. पण तिचे हात आपोआप बादली शोधायला लागले.

“आये,” आदेश आतून म्हणाला, “मोरी तुंबली.”

तो टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर यायला निघाला होता. गिरजा दारात उभी राहिली. चंदरने पेपरातून डोकं वर काढलं आणि परत खाली घातलं.

“कुठं निघालास?” ती म्हणाली.

“अगं तुंबलीय. तू…”

“जाळी काढ.”

“मी?”

“तुजेच केस हायत.”

आदेश तिच्याकडे बघत राहिला. ती हलली नाही. बाहेर उजेड उतरत होता, दिवा लावायची वेळ झाली होती आणि तिने अजून काडीपेटीला हात लावला नव्हता. शेवटी तो वाकला, दोन बोटांनी जाळी उचकटली, नाक दुसरीकडे करून धरली.

“आता?”

“पालथी घाल,” गिरजा म्हणाली. “नि उलटीकडून पाणी मार. वरून घासू नको.”